हिरा, आपलं कुलूप समुद्रापार गेलं

हिरा,

तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि काल दुपारीसुद्धा मी तुझ्याशी भांडले. जव्हारच्या घरी, लॅपटॉपसमोर बसून, चांगलं मोठ्याने. आतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय गं?" मी म्हटलं, "हिरा." थोड्या वेळाने त्यांनी चहाचा कप माझ्यापाशी आणून ठेवला आणि दार ओढून घेऊन गेले.

आरोग्य उपकेंद्रात तुझ्यासाठी जमलो होतो तेव्हा लोक खूप चांगलं बोलले. तू शांत होतीस, सोशिक होतीस, कोणाला कधी दुखावलं नाहीस. मी मान खाली घालून ऐकत होते. आपल्या सगळ्यात थोरल्या आशाताईने, जानीमावशीने, माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघींनाही अशा वेळी हसू यायला नको होतं, पण आलं. सोशिक? मला एका परदेशी कंपनीला सात महिने पत्रांवर पत्रं लिहायला लावणारी बाई सोशिक? कोणाला दुखावलं नाहीस म्हणे. मला तू किती वेळा रडवलंस ते त्यांना कुठून ठाऊक असणार.

म्हणून मी हे लिहितेय. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा पाडा, हे सगळं त्या दिवशी सांगून झालं. मला आपल्या वहीबद्दल तुझ्याशी बोलायचंय.

ठाण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी जव्हारला परत आले होते आणि आता करायचं काय, हे माझं मलाच कळत नव्हतं. उपकेंद्राच्या नर्सताई बाबांच्या जुन्या विद्यार्थिनी. आशाताईंच्या नोंदवह्या पावसात भिजतात, फाटतात, हरवतात, तेवढं फोनवर आणून दे, असं त्या म्हणाल्या. मी कंपनीत मोठमोठी कामं केलेली. मला वाटलं, पंधरा दिवसांचा खेळ आहे. पंधरा दिवसांत केलंही. गरोदर बाया, लहान मुलांची वजनं, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासण्या, सगळे रकाने, सगळी बटणं. त्याला 'वही' असंच नाव दिलं.

दाखवायला म्हणून मोखाड्याला आले तेव्हा तू पहिल्यांदा भेटलीस. तू गटप्रवर्तक, वीसेक आशाताईंचं काम तुझ्या हाताखाली. पाड्यावरून जीपने आली होतीस, केसांवर लाल धूळ, हातात कापडी पिशवी. माझ्याकडून फोन घेतलास, काहीतरी लिहिलंस, सगळं नीट बघितलंस आणि बाहेर चहाच्या टपरीवर गेलीस. मी मागे मागे. टपरीवाल्याच्या हातात फोन दिलास आणि म्हणालीस, "दादा, एवढं वाचून दाखवा, माझा चष्मा नाय."

त्याने वाचलं. तुझं नाव, तुझा पाडा, वय. आणि मग, "सिकलसेल रुग्ण."

वाचल्यावर तो ओशाळला. तू फोन परत घेतलास आणि मला म्हणालीस, "माझं सगळ्या मोखाड्याला ठाऊक हाय, म्हणून मी माझंच लिहिलं. दुसऱ्या कोणाचं लिहिलं असतं तर?"

तुला चष्मा कधीच नव्हता, हे मला पुढे महिन्याभराने कळलं.

परत जाताना जीपची वाट बघत आपण दोघी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. तेव्हा तू मला ते सांगितलंस, आणि इतक्या सपाट आवाजात, की मला वाटलं तू दुसऱ्या कोणाचं सांगतेयस. तुझ्या शाळेत तपासणीचं शिबिर झालं होतं. दोन आठवड्यांनी कोणीतरी निकालाचा कागद शाळेच्या भिंतीवर डकवून गेला. परीक्षेचा निकाल लावतात तसा. ज्यांना आजार होता त्यांच्या नावाखाली रेघ मारलेली. पुढे तुझं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्या एकाला तो कागद आठवला. तेवढंच. मुलगा वाईट नव्हता, असंही तू सांगितलंस. तुझी आई वावर गावची. ती तरुण बाळंतीण असताना, कुपोषणाने मुलं दगावत होती त्या दिवसांत, बाहेरून माणसं येऊन लिहून नेत, फोटो काढून नेत. "तेव्हा आमचं कोण काय लिहून नेतो, आम्हाला काय ठावं," असं ती म्हणायची. तू म्हणालीस, "आईचं ठीक हाय. तिला कोणी विचारलं नाय. आता लिहिणारी मी हाय. मी काय सांगू?"

त्या रात्री मी पंधरा दिवसांचं काम बाजूला ठेवलं.

तुला सोपं करून सांगितलं होतं ते पुन्हा सांगते. एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर असा विस्कटून ठेवायचा की किल्ली नसलेल्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसावी आणि किल्ली असलेल्याला सरळ वाचता यावं. फोनला पासवर्ड असतो तो वेगळा. तो दाराला. मला वहीच्या पानापानाला कुलूप हवं होतं. असलं कुलूप स्वतः घडवू नये हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. घरी घडवलेलं कुलूप घडवणाऱ्यालाच मजबूत वाटतं. म्हणून मी एका परदेशी कंपनीचा तयार भाग निवडला. नाव मोठं, काम चोख. समाजकार्यासाठी ते तो फुकटही देत होते. फक्त एक अर्ज भरायचा होता.

त्या अर्जाने आपल्याला कुठे नेलं, हिरा.

त्यांच्या देशात मजकूर कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर हे साधं सामान नाही, हे मला कंपनीत इतकी वर्षं काढूनही नीट माहीत नव्हतं. एके काळी ते शस्त्रांच्या यादीत होतं. बंदुका, तोफा आणि त्यांच्याच शेजारी आकड्यांची ही करामत. आता नियम पुष्कळ सैल झालेत, पण देशाबाहेर द्यायचं तर अजूनही विचारतात. कोणत्या देशात जाणार? कोण वापरणार? कशासाठी? आणि सातवा प्रश्न होता, वापरणाऱ्यांत कोणी सरकारी आहे का?

मी 'नाही' वर खूण केली. आशाताई काही पगारी सरकारी नोकर नाहीत, मानधनावर आहेत. तू माझ्या शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाचं मराठी करून मागत होतीस. सातव्याला थांबवलंस.

"नर्सताई सरकारी हायेत ना?"

मी म्हटलं, हो, पण ते कशाला लिहायचं. सरकारी म्हटलं की वेगळा परवाना लागतो, महिनोन्‌महिने जातात, कोणी तपासायला येणार नाही. हजार-बाराशे किलोमीटरवर दिल्ली आणि तिथून पुढे सात समुद्र, कोणाला पडलंय मोखाड्याच्या उपकेंद्राचं?

तू म्हणालीस, "बाय, उद्या एखादी बाई मला विचारंल, हे कुलूप कुठून आणलंस. मी सांगू, खोटं लिहून आणलं? मग ती मला आपलं खरं कशाला सांगंल?"

मी चिडले. तुला कायदा कळत नाही, कंप्युटर कळत नाही, आणि माझ्या कामात खोडा घालतेस, असं सगळं बोलले. आणखीही बोलले. तुझ्या आजाराचा राग तू माझ्यावर काढतेयस, असंही. ते वाक्य मी नंतर कधी परत घेतलं नाही. तूही ते पुन्हा काढलं नाहीस. तू उठून पिशवी उचललीस आणि म्हणालीस, "होय लिही. मग काय व्हायचं ते होऊ दे." आणि जीपला गेलीस.

मी 'होय' लिहिलं. रागाने लिहिलं, पण लिहिलं.

कंपनीच्या माणसाचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. सरकारी वापर असल्यामुळे त्यांच्या कायद्याप्रमाणे आपल्या देशासाठी वेगळी परवानगी काढावी लागेल, ते प्रयत्न करतील, कृपया धीर धरावा. मग त्यांनी विचारलं, उपकेंद्र म्हणजे काय? मग विचारलं, ते पोलीस किंवा लष्कराच्या अखत्यारीत येतं का? तू हसून हसून लोळलीस. नर्सताईंना तू चार दिवस 'कर्नलबाई' म्हणत होतीस. आपण कळवलं की नाही, इथे बाळंतपणं होतात. मग दोन महिने काहीच नाही. मग पुन्हा एक अर्ज, आधीच्यापेक्षा मोठा. दर सोमवारी तू फोन करायचीस, "आलं का?" आणि मी म्हणायचे, "नाही." तू म्हणायचीस, "लिही मग अजून एक." आणि मी लिहायचे.

सात महिने असे गेले. आशाताई तोवर कागदावरच लिहीत होत्या. त्याच दिवसांत दाभोशाकडच्या एका आशाताईची वही तिच्या घरच्या लोकांनी उघडली आणि एका मुलीचं नाव फुटलं. कोणती मुलगी, ते मी इथेही लिहिणार नाही. ती मामाकडे निघून गेली आणि शाळा सुटली. तुला कळलं तेव्हा तू दुसऱ्या दिवशी जव्हारला आलीस. मला वाटलं, आता म्हणशील, माझं चुकलं, तू म्हणत होतीस तसं 'नाही' लिहायला हवं होतं. मी ते ऐकायला जणू टपूनच बसले होते.

तू म्हणालीस, "तो कायदा काढ. सगळा. वाच आणि मला मराठीत सांग."

मी म्हटलं, शेकडो पानं आहेत. तू म्हणालीस, मला सुट्टी आहे तीन दिवस.

ते तीन दिवस, हिरा. जव्हारजवळच्या शिरपामाळावर फोनला चांगली रेंज मिळते म्हणून आपण तिथे जाऊन बसलो. फिरायला आलेली माणसं फोटो काढत होती, आणि आपण दोघी झाडाखाली लॅपटॉप मांडून परक्या देशाचा निर्यात कायदा वाचत होतो. मी एक कलम वाचायचे, कपाळाला हात लावायचे, मराठी करायचे. तू नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि खुरासणीची चटणी आणली होतीस. दुसऱ्या दिवशी मी कंटाळून भराभर वाचायला लागले. कशाला हे कलम लागू होत नाही, त्याची लांबच लांब जंत्री होती. मी तिच्यावरून पुढे गेले.

"थांब. मागचं परत."

मी परत वाचलं. जे सॉफ्टवेअर उघडपणे प्रसिद्ध केलेलं आहे, ज्याचा आतला कोड कोणीही फुकट घेऊ शकतो, वाचू शकतो, त्याला हे निर्बंध नाहीत. असली खुली कुलपं जगात आहेत, हे मला ठाऊक होतं. पण त्यांचे सुटे भाग असतात, आपल्यासारख्या वहीला ते नीट जोडायचं काम स्वतः करावं लागतं. तिथेच चूक होते. म्हणून मी त्या वाटेला गेले नव्हते. मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी हुशारी म्हणून मिरवत होते.

तू विचारलंस, "सगळ्यांना खुलं म्हणजे किल्लीपण?"

मी म्हटलं, नाही. कुलूप आतून कसं बनवलंय ते सगळ्यांना दिसेल. किल्ली ज्या बाईची तिच्याकडे.

तू भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिलास. "मग बरंच झालं की. कसं बनवलंय ते सगळ्यांनी बघावं. कच्चं असलं तर सांगतील."

बस, एवढंच. सात महिने एक सभ्य माणूस आपल्याला जे देऊ शकत नव्हता, त्याची वाट त्याच कायद्याच्या पोटात होती. आणि ती तुला सापडली, बारावीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजीतलं एक वाक्यही सलग वाचता न येणाऱ्या तुला. मी ते तेव्हा तुला म्हटलं नाही. मी म्हटलं, "बघू." आज म्हणते. तू सातव्या प्रश्नाला 'नाही' लिहू दिलं असतंस, तर आपण कधीच ते पान उघडलं नसतं.

नर्सताईंच्या वरच्या डॉक्टरांची परवानगी काढली, आशाताईंना बसवून विचारलं आणि मग मी चार महिने काम केलं. जगभर तपासलेले खुले भाग घेतले, वहीला जोडले आणि सगळा कोड इंटरनेटवर ठेवला. पुढे तीन आठवड्यांनी एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. कुठल्या देशातला, तेही कळलं नाही. त्याने लिहिलं होतं, कुलूप पक्कं आहे, पण वही बंद करताना शेवटच्या पानाची एक उघडी प्रत फोनच्या तात्पुरत्या कप्प्यात राहते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी साधी चूक, आणि सगळ्या जगासमोर. पटकन दुरुस्त करावी आणि त्याचं पत्र काढून टाकावं, असं मनात आलं. तुला फोनवर सांगितलं. तू विचारलंस, त्याला काय पायजे? मी म्हटलं, काही नाही, नुसतं सांगितलंय. तू म्हणालीस, "आपल्या बायांना न बघता त्याने एवढं केलं? त्याला माझं लिही, देव तुझं भलं करो. मराठीतच लिही." मी लिहिलं. तीच ओळ अजून त्या पानावर आहे, देवनागरीत, त्याच्या पत्राखाली. त्याने उत्तरात दोन जोडलेले हात पाठवले होते.

मग वही पाड्यांवर गेली.

आणि तो जीपचा प्रसंग. लोकांना तो फार आवडतो. तू जिवंत असताना मी तो दहा वेळा सांगितला आणि दर वेळी तू म्हणायचीस, वाढवून सांगू नकोस. आज तू नाहीस, तरी वाढवत नाही. जानीमावशी दाभोशाहून जव्हारला येत होती. जीपमध्ये माणसं खच्चून भरलेली. उतरली तेव्हा फोन नव्हता. फोनमध्ये दोन वर्षांची वही. मावशी रस्त्यातच बसली. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून तुला फोन केला तेव्हा तिला धड बोलता येईना. तू एवढंच विचारलंस, किल्लीचे सहा आकडे कोणाला सांगितलेस का? तिने नाही म्हटलं. तू म्हणालीस, "मग उठ. चहा पी."

चार दिवसांनी फोन आणून देणारा तिच्याच गावचा निघाला. त्याच्या भाच्यासाठी जवळच्या पाड्यावरची मुलगी बघितली होती, आणि मावशीच्या वहीत तिचं काय लिहिलंय, हे त्याला बघायचं होतं. त्याने फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने फोन कंप्युटरला जोडला. मावशीचे फोटो निघाले, गाणी निघाली, नातवाच्या बारशाचा व्हिडिओ निघाला. वही मात्र निघेना. फोन परत देताना तो वैतागून म्हणाला, "मावशी, तुझ्या वहीत नुसत्या मुंग्या हायेत."

मावशीने ते बैठकीत सांगितलं आणि वीस बाया एकदम हसल्या. तू हसली नाहीस. तू उठून बाहेर गेलीस. मी बघायला आले तर तू उपकेंद्राच्या पायरीवर बसली होतीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, दुखायला लागलं. तुला अचानक सांधे धरायचे, तेव्हा तू अशीच एकटी जाऊन बसायचीस. मी गोळी आणू का विचारलं. तू मान हलवलीस. "दुखत नाय. त्या मुलीचं लग्न तिच्या म्हणण्याने होईल. किंवा मोडंल तेपण तिच्याच म्हणण्याने." आणि मग थोड्या वेळाने, "माझ्या वेळंला हे असतं तर, एवढंच मनात आलं."

तेव्हा मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी तुझ्या शेजारी बसून राहिले. तू मला ओळखत होतीस, तेवढं तुला पुरलं असेल, असं धरून चालते.

युगांडाचं पत्र आलं तेव्हा तू नाशिकच्या दवाखान्यातून नुकतीच परतली होतीस, अंगात रक्त भरून घेऊन. तिकडच्या डोंगरातल्या नर्सबायांच्या एका गटाने आपला कोड इंटरनेटवर बघितला होता. त्यांच्याकडेही सिकलसेल. तिथे तर एक फोन चार जणींत. त्यांना वही हवी होती, त्यांच्या भाषेत, त्यांच्या रकान्यांसह. मी तुला वाचून दाखवलं आणि तुझा चेहरा असा उजळला की तुझी आई बाहेरून बघायला आली.

आणि लगेच आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, महिन्याभरात बनवते आणि देते पाठवून. तू विचारलंस, "आपल्याकडं नाय का असला कायदा?"

आहे. आपल्या देशाचीही यादी आहे. विषारी रसायनं, क्षेपणास्त्रांचे भाग, आणि एका कप्प्यात मजकूर कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर. मी म्हटलं, आपला कोड खुला आहे, खुल्याला सूट आहे, विचारायची गरज नाही. आणि विचारलं तर कोणीतरी फाईल दाबून ठेवेल. पुन्हा सात महिने. मला तुझ्याकडे बघून सात महिन्यांची भीती वाटत होती, ते मी बोलले नाही. तू म्हणालीस, त्या बायांच्या दवाखान्याला उद्या कोणी विचारलं, हे भारतातून कसं आलं, तर त्यांच्या हातात कागद पायजे. ते त्यांच्या पत्रातही होतं. त्यांच्या सरकारी दवाखान्याला कागदाशिवाय परकं सॉफ्टवेअर लावता येत नव्हतं. तेवढी ओळ मी तुला वाचून दाखवली नव्हती. तुला ती न वाचताच कळली.

मी अर्ज केला. आपण निर्यातदार झालो, हिरा. अर्जात मालाचं वर्णन लिहायचं होतं, तू सांगितलंस तसंच लिहिलं. खेड्यातल्या आरोग्य कार्यकर्त्यांची नोंदवही, कुलूपबंद. वापरणारा सरकारी आहे का? होय. या वेळी मी तुला न विचारता लिहिलं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुझा हात धरून बसले होते. तुला दम लागत होता, तरी तू विचारलंस, "आलं का?" मी म्हटलं, नाही. तू काहीतरी पुटपुटलीस. मला 'लिही' एवढंच ऐकू आलं. मी तिथेच, बाकावर बसून, फोनवरून दिल्लीला आणखी एक पत्र लिहिलं आणि तुला दाखवलं. तू डोळे मिटून मान हलवलीस.

उत्तर तू गेल्याच्या सहाव्या दिवशी आलं. एक पान. वर्णन केलेलं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं असल्यामुळे नियंत्रित वस्तूंच्या यादीत येत नाही, निर्यातीसाठी परवान्याची आवश्यकता नाही. शिक्का, सही. मी ते पान छापलं आणि पहिल्या जीपने मोखाड्याला गेले. तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेऊन उलटा सुलटा केला आणि विचारलं, यात कोणाचं नाव लिहिलंय का? मी म्हटलं, नाही आई, कोणाचंच नाही. ती म्हणाली, "बरं हाय." आणि माझ्यासाठी भात वाढला. त्या रात्री, बनवून ठेवलेली वही आणि तो कागद मी युगांडाला पाठवून दिले.

काल मी तुझ्याशी भांडत होते ते वेगळ्याच गोष्टीवरून. कोडच्या पानावर बनवणारीचं नाव लिहितात. तिथे मी एकटीच आहे. तुझं टाकू का असं मी पूर्वी विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, मी कुठं काय बनवलं. काल मी तुझं नाव लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. परवानगीशिवाय कोणाचं नाव कुठे लावायचं नाही, हे तूच शिकवलंस आणि आता तूच परवानगी द्यायला नाहीस. अखेर मी तुझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, "कामाच्या ठिकाणी लाव. भिंतीवर नको." तर तुझं नाव लावलंय, हिरा. माझ्या नावाच्या आधी. तुला आवडलं नसेल तर मी भांडायला तयार आहे.

आज सकाळी आशाताईंची बैठक होती. तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही, म्हणून नर्सताईंनी मलाच बोलायला सांगितलं. मी सांगितलं, वही युगांडाला गेली. बायांना युगांडा कुठे ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, समुद्रापलीकडे, डोंगरात. तिकडेही नागली पिकते, तिकडेही भाकरीसारखं काहीतरी करून खातात.

जानीमावशी म्हणाली, "नागली खातात म्हणजे आपल्याच की."

मग मी रात्री आलेलं त्यांचं पत्र वाचून दाखवलं. चारच ओळी होत्या. वही मिळाली. कागद मिळाला. दवाखान्याने मान्य केलं. काल दुपारी आमच्या एका नर्सबाईने पहिल्या बाईचं नाव वहीत लिहिलं आणि कुलूप लावलं.

जानीमावशीने विचारलं, "काय नाव त्या बायचं?"

मी म्हटलं, "मावशी, ते आपल्याला कधी कळायचं नाही. मलापण नाही."

मावशीने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग तिने टाळी वाजवली, एकटीने, आणि मग त्या खोलीतल्या सगळ्या बाया टाळ्या वाजवत उठून उभ्या राहिल्या.